मिस्ड कॉलच्या पलीकडे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एप्रिल 2011 मध्ये मीही एक मिस्ड कॉल दिला होता. अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले होते आणि पाठिंबा म्हणून मुंबईच्या एका क्रमांकावर नुसती रिंग द्या, असा निरोप गावोगाव फिरत होता. रिंग वाजली, फोन आपोआप कट झाला. अम्मी शेजारीच बसली होती. म्हणाली, "कुणाला फोन केलास?" म्हटलं, "अण्णांना." "मग काय म्हणाले?"

मला उत्तर देता आलं नाही.

अण्णांचं राळेगणसिद्धी आमच्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात. पण त्या आंदोलनातून 26 नोव्हेंबर 2012 रोजी जो आम आदमी पक्ष निघाला, त्यापासून अण्णा दूर राहिले. पक्षाने मात्र लोकांना विचारण्याची सवय बरोबर नेली. डिसेंबर 2013 मध्ये दिल्लीत 70 पैकी 28 जागा मिळाल्या. काँग्रेसच्या पाठिंब्यावर सरकार बनवावं का, हा पेच पक्षाने एसएमएस, इंटरनेट आणि वस्त्यांमधल्या सुमारे 280 सभांमधून लोकांपुढे टाकला. दिल्लीकरांच्या उत्तरांपैकी जवळपास तीन चतुर्थांश होकाराची आहेत, असं पक्षाने जाहीर केलं. 28 डिसेंबरला अरविंद केजरीवाल यांनी शपथ घेतली.

आपल्या राजकारणात ही नवलाचीच गोष्ट होती, हे मान्य करायला हवं. पण 14 फेब्रुवारी 2014 रोजी, 49 दिवसांनी, त्यांनी राजीनामा दिला तेव्हा कुणालाच विचारलं नाही. पुढे मे महिन्यात त्यांनी त्याबद्दल दिल्लीकरांची माफी मागितली. येताना विचारलं, जाताना विसरले!

बाकीच्या पक्षांनी यातून काय उचललं? मिस्ड कॉल. भारतीय जनता पक्षाने 2014 च्या अखेरीस त्यावरच सदस्य नोंदणी सुरू केली आणि पुढे 10 कोटींहून अधिक सदस्यांचा दावा केला. जानेवारी 2022 मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबात मुख्यमंत्रिपदाचा उमेदवारही फोनवरूनच विचारला आणि भगवंत मान यांना 93 टक्के पसंती मिळाल्याचं सांगितलं. मोजणारा पक्षच, सांगणाराही पक्षच.

आम्हा मुशायऱ्यातल्या माणसांना हे चमत्कारिक वाटतं. तिथे शेर पडला तर समोरची शांतता लगेच कळते.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पावसाचं पाणी मोजलं जातं, त्याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावर पिकं ठरतात. उसासारख्या पिकाला तिथे मनाई आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हेही गावानेच ठरवलं. ज्याला हे जाचतं तो त्याच सभेत उठून बोलू शकतो, आणि उत्तर देणारा समोरच बसलेला असतो. पुढच्या वर्षीही तिथेच.