कुर्डीचे 'सार्वजनिक प्रयोजन'

सरकारी कचेरीत कारकुनी करताना 'सार्वजनिक प्रयोजन' हे शब्द मी कितीदा तरी टंकले असतील. दर वेळी कुर्डी आठवते.

सांगे तालुक्यातल्या साळावली धरणात गेलेला हा गाव. माणसे वाडे-वालकिणीला गेली. मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावातला गाव तो हाच. कायदा इंग्रजांचा, १८९४ चा. आपल्याकडे आला तो पोर्तुगीज गेल्यावर. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, मग निवाडा. भाव कलम ४ च्या तारखेचा. वर सक्तीबद्दल दिलासा रक्कम १५ टक्के. १९८४ साली ती ३० झाली, २०१३ च्या कायद्याने १००. माड, भाट, घर सगळे मोजता येते. शेजाराला मात्र रकाना नाही.

गंमत पाहा, कुर्डीचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले. घरे बुडाली. (साळावलीचे पाणी मीही पितो, तेव्हा फार बोलत नाही.)

मे महिन्यात पाणी ओसरले की सोमेश्वराकडे जुने कुर्डीकर जमतात. एकदा मीही गेलो होतो. एक आजोबा जोत्यावर बसलेले.

"आजोबा, हे तुमचे घर?"

"न्हय रे, हें शेजाऱ्याचें. आमचें अजून उदकांत."