हॉटसन-गोगटे प्रकरण

मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील वाडिया ग्रंथालयात केलेला रिव्हॉल्व्हरचा हल्ला. त्याचे मूळ सोलापुरात होते. मे १९३० मध्ये तेथे पुकारलेल्या लष्करी कायद्याच्या अंमलात झालेल्या दडपशाहीने गोगटे प्रक्षुब्ध झाले होते. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले होते.

गोळी छातीवर लागूनही हॉटसन वाचले. खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर ती अडली, असा खुलासा झाला. लोकांनी मात्र अंगातील चिलखताचीच कथा खरी मानली. आखूड नळीच्या, हलक्या रिव्हॉल्व्हरात जड गोळी नळीतून उशिरा सुटते. तोवर धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाऊन ती नेमापेक्षा वर लागते, तर हलकी गोळी खाली लागते. हातभर अंतरावर हा फरक नगण्य ठरतो. पहिल्या गोळीचा नेम चुकलाच नव्हता. उणी पडली ती भेदनशक्ती, आणि ती गोळीच्या वजनाइतकीच तिच्या वेगावर अवलंबून असते.

गोगटे यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. १९३७ मध्ये त्यांची सुटका झाली.