अंधेरी–जोगेश्वरी खाणपट्टा

मुंबई उपनगर जिल्ह्यातील दगडखाणींचा पट्टा. बहुतेक खाणी आता बंद. अंधेरी, आंबोली, जोगेश्वरी, मरोळ आणि चांदिवली इथल्या टेकड्यांत या खाणी होत्या. मालाड, कांदिवली, कुर्ला इथल्या खाणींतूनही मुंबईला दगड मिळे. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर दगड मालाडजवळच्या खारोडीचा. धातूची खनिजे मात्र या पट्ट्यात नाहीत. इथला माल म्हणजे बांधकामाचा दगड आणि खडी.

म्हणूनच इथे शोध-छिद्रणाची रीत रुजली नाही. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा आगुचा या जस्त-शिशाच्या खाणीशी तुलना केली तर फरक कळतो. तिथला साठा १९७७ मध्ये सापडला आणि उघड्या खड्ड्यातले उत्खनन २०१८ पर्यंत चालले. अशा खाणीत आधी छिद्रे घेऊन कातळाचा गाभा वर काढतात, धातूचे प्रमाण तपासतात आणि मगच खड्ड्याचा आराखडा ठरतो. सोबत पाण्यासाठी वेगळी छिद्रे असतात. एका विहिरीतून ठरावीक वेगाने उपसा करून शेजारच्या विहिरींतली पातळी किती उतरते ते मोजतात, कारण खड्डा खोल गेला की भोवतालचे भूजल त्यात उतरणार आणि ते उपसण्याचा खर्च धातूच्या किमतीतूनच निघायला हवा. अंधेरीत दगड डोंगराच्या अंगावरच उघडा होता. पाथरवटाने घणाचा आवाज ऐकून तो पारखायचा आणि सुरुंग लावायचा. पाण्याची चौकशी व्हायची ती खाणीचा तळ भरू लागल्यावर.

भूरचना : इथला कातळ ज्वालामुखीचा, पण पुण्या-नाशकाच्या आडव्या, शांत थरांसारखा नव्हे. थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. काही लाव्हा पाण्यात ओतला गेला, आणि मध्येमध्ये राखेचे व खडकांच्या तुकड्यांचे थर आहेत. दोन उद्रेकांमधल्या काळात इथे उथळ जलाशय होते. आंबोलीच्या खाणीत त्या गाळाच्या थरात सापडलेल्या कासवाचे वर्णन २००३ मध्ये सांकुकेमिस या नावाने प्रसिद्ध झाले. कांदिवलीच्या खाणीतले प्रेहनाइट, ओकेनाइट आणि लॉमोंटाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांतून फिरलेल्या गरम पाण्याने ते घडवले. म्हणजे या कातळाचे आणि भूजलाचे नाते खाणींहून फार जुने.

पट्ट्याची ठळक खूण म्हणजे अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. ही ६१ मीटर उंच टेकडी उभ्या, बहुकोनी बेसाल्ट-स्तंभांची आहे. उसाची मोळी उभी करावी तसे ते दिसतात. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. टेकडीचे वय सर्रास ६.६ कोटी वर्षे असे छापले जाते. तो काळ दख्खनच्या मुख्य उद्रेकांचा. मुंबईचे खडक त्यानंतरचे असून गिल्बर्ट हिलचे मोजलेले वय ६ कोटींच्या आसपास येते. १९५२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान घोषित झाली आणि २००७ मध्ये महापालिकेने तिला द्वितीय श्रेणीचा वारसा दर्जा दिला. भोवतालचा दगड काढून नेल्यामुळेच तिचे स्तंभ इतके उघडे दिसतात, हे तिच्या कौतुकात सहसा सांगितले जात नाही.

भूजल : खाणवाल्याला जो दगड हवा तो विहीरवाल्याच्या कामाचा नाही. अखंड काळ्या बेसाल्टमधून पाणी जवळजवळ वाहत नाही. ते साठते वरच्या मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. त्यामुळे एका सोसायटीच्या बोअरला पाणी भरपूर आणि कुंपणापलीकडे कोरडे छिद्र, हे उपनगरात नेहमीचेच. खाडीलगत उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. खाणीची उभी भिंत हे सगळे उघड करते : पावसाळ्यानंतर ज्या ओळीवर ओल टिकते ती सांध्याची किंवा भेगेची. विहिरीची जागा निवडणाऱ्याला यापेक्षा चांगला नकाशा मिळणे कठीण, आणि शहराने तो भरावाखाली गाडून टाकला. कान्हेरीची लेणी कोरणाऱ्यांनी कातळात पाण्याच्या पोढ्या खोदल्या त्या वाहून जाणारे पावसाचे पाणी धरूनच. जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यात मात्र छतातून झिरपणारे पाणी आजही डोकेदुखी आहे.

आजचे छिद्रण : आता या पट्ट्यात यंत्राने गाभा काढला जातो तो बोगद्यांसाठी आणि उंच इमारतींच्या पायासाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झालेली भुयारी मेट्रो मरोळ आणि अंधेरी पूर्वेखालून जाते. गाभ्याचे तुकडे खोलीप्रमाणे पेटीत मांडतात. तुकडे लांब व सलग असले तर कातळ चांगला, चुरा निघाला तर भेगा जास्त. मग छिद्राचा एक भाग रबरी बुचांनी बंद करून त्यात दाबाने पाणी सोडतात. १० बार दाबाखाली छिद्राच्या दर मीटर लांबीत मिनिटाला १ लिटर पाणी मुरले, तर त्या प्रमाणाला १ ल्यूजाँ म्हणतात. आकडा मोठा आला की बोगद्यात पाणी शिरणार, म्हणून भेगांत आधी सिमेंटचा रस दाबून भरावा लागतो.

भरलेल्या खाणींवर उभ्या राहणाऱ्या इमारतींसाठी हेच छिद्रण अधिक गरजेचे ठरते. राडारोड्याने भरलेल्या खड्ड्याच्या तळाशी पाणी साचून राहते, कारण खालचा कातळ ते सोडत नाही. एकाच भूखंडाच्या एका कोपऱ्यात कातळ पायाशी लागतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या खाणीच्या तळापर्यंत भरावच भराव. म्हणून इथे छिद्रे जवळजवळ घ्यावी लागतात आणि पायाचे खांब कमीजास्त लांबीचे ठेवावे लागतात.