खराट्यापासून वनहक्कापर्यंत

गावाने आपलं काम आपण करावं, हा विचार वऱ्हाडला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी हातात खराटा घ्यायचा. गल्ल्या झाडून, गटारं उपसून झाल्याशिवाय भाकरीचं नाव नाही, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. हे पाहून लाजलेले गावकरी दुपारपर्यंत घमेली घेऊन सोबतीला यायचे. तुकडोजी महाराजांनी या श्रमाला संघटना दिली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं, गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळं निघाली, ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांचा नेम बसला. पुढे २००० च्या सुमारास गाडगेबाबांच्याच नावाने राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, बक्षिसं लावली. त्या वर्षांत महाराष्ट्रातली खेडी खरोखर झळाळली. मग तपासणी समिती येऊन गेली, बक्षीस वाटून झालं आणि पुष्कळ गावांत उकिरडे परत जागेवर आले. माणसं आळशी होती म्हणून हे झालं, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या जमिनीवर, पाण्यावर आणि जंगलावर गाव जगतं, त्यात गावाला शब्दच नव्हता. स्वयंसेवा गावठाणाच्या वेशीपाशी थांबत होती.

ही वेस ओलांडल्यावर काय होतं, ते परतवाड्याजवळ पायविहीरला दिसतं. अचलपूर तालुक्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं हे छोटं, बहुतांश कोरकू आदिवासी वस्तीचं गाव. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मेळघाटचं जंगल राखीव केलं आणि कोरकूंचा वहिवाटीचा हक्क सवलत होऊन बसला. सवलत देणाऱ्याची मर्जी फिरली की संपते. अशा जंगलात झाड लावायला कोण घाम गाळेल? २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला दिला. परतवाड्यातून मेळघाटात काम करणाऱ्या ‘खोज’ संस्थेच्या मदतीने पायविहीरने दावा केला आणि २०१२ साली १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ते जंगल तेव्हा जवळजवळ उजाड होतं. गावाने झाडं लावली, पाणी जिरवलं, शिकार बंद केली, आळीपाळीने राखण केली. सीताफळं व्यापाऱ्याच्या भावाने फुंकून टाकायची सोडून ग्रामसभेने प्रतवारी केली, खोक्यांत भरून थेट मुंबईला माल धाडला. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी जोडलेला भारत जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: मजुरीसाठी गाव सोडून जाणं तिथे पुष्कळ कमी झालं.

यावर एक आक्षेप येतो की रोपांचे खड्डे तर रोजगार हमीच्या मजुरीवर खणले गेले, मग स्वयंसेवा कुठली? मजुरी मिळाली हे खरं, आणि ती मिळायलाच हवी होती. हातावर पोट असलेल्या माणसाकडून फुकट खड्डे मागणं ही वेठच. पण उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवणं, परक्या कुऱ्हाडीला अडवणं, ग्रामसभेत तासन्‌तास बसून एकेक नियम ठरवणं, याचं हजेरीपत्रक कुठल्या कचेरीत नसतं. जंगल वाचतं ते या बिनपगारी कामाने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाडगेबाबांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही; त्यांच्या परंपरेला उत्पन्नाशी जोडणं म्हणजे तिला हिणकस करणं नव्हे का? मला हे पटत नाही. बाबांचा त्याग स्वतःपुरता होता, गरिबाने गरीबच राहावं असं त्यांनी कधी सांगितलं नाही. कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हेच ते कीर्तनात घोकून घेत. दापुऱ्याला मामाची जमीन सावकाराने गिळली तेव्हा तरुण डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, त्याच्यापुढे उभा ठाकला होता; जमिनीवरचा हक्क गेला की घराचं काय होतं, हे त्यांना पोथीतून शिकावं लागलं नव्हतं. आणि त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा विश्वस्तांच्या हाती दिल्या, कारण काम टिकायचं तर त्याला जबाबदार धनी लागतो.

अर्थात नुसत्या हक्काच्या कागदाने जंगल उगवत नाही. दावा मंजूर झाला आणि पुढे काही झालं नाही, अशीही गावं आहेत. त्यासाठी एकत्र बसायची, एकत्र राबायची सवय लागते, आणि ती वऱ्हाडला खराट्याने आणि सेवा मंडळांनी लावलेली आहे. म्हणून वनखात्याला आणि जिल्हा प्रशासनाला एकच सांगणं आहे: ज्या ग्रामसभांना हक्क मिळाले, त्यांच्या व्यवस्थापन आराखड्यांना निधी द्या, त्यांचा माल वाहतुकीच्या परवान्यांसाठी अडवून ठेवू नका आणि उरलेल्या गावांचे दावे निकाली काढा.