पऱ्हाटीचा जाळ

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. या बाजाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे: घोड्यांच्या जाती, त्यांच्या किमती, शिवकाळाशी नातं सांगणाऱ्या आख्यायिका. पण मुक्कामाला आलेल्या माणसांच्या तीन दगडांच्या चुलीत काय जळत होतं, ते सरपण कुठून आलं आणि तेच का निवडलं, याची विचारपूस फारशी झालेली नाही. खानदेशाचा इतिहास समजून घ्यायचा तर ती करायला हवी. कारण इथल्या प्रसिद्ध भरिताला जी चव आहे ती वांग्याइतकीच त्याच्याखालच्या जाळाची आहे, आणि तो जाळ अनादि काळापासून चालत आलेला नाही. आज आपण पाहतो त्या रूपात तो एकोणिसाव्या शतकात घडला. एका बाजूला सातपुड्याचं जंगल बंद होत गेलं, दुसऱ्या बाजूला कपाशी वाढत गेली, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या गावांनी उरल्यासुरल्या काडीकचऱ्यातून एक कसब उभं केलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या कसबाकडेच जवळून पाहू. भरिताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, कमी बियांचं. त्याला टोचे मारायचे, तेलाचा हात फिरवायचा. मोकळ्या जागेत वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, थर घालायचा. त्यावर वांगी आणि वर पुन्हा काड्या. वारा येतो त्या बाजूने पेटवलं की काही क्षणांत माणसाच्या कमरेएवढा जाळ उठतो. काठीने वांगी उलटीपालटी करत राहायचं आणि जाळ बसू लागला की काड्यांची नवी पेंढी सारायची. साल कोळसा होते, आतलं पाणी वाफ होऊन गर शिजवतं आणि धूर त्या गरात मुरतो. भाजलेली वांगी थोडा वेळ झाकून ठेवली की साल सहज सुटते. मग लाकडी भांड्यात मुसळीने ठेचून त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. हेच वांगं बाभळीच्या जाड ओंडक्याच्या निखाऱ्यावर ठेवलं तर साल जळायच्या आत गर गळायला लागतो. लाकडी कोळशावर ठेवलं तर ते नीट शिजतं, पण धुराविना, कारण मातीखाली कोंडून भट्टी लावताना लाकडातला धूर देणारा बहुतेक अंश आधीच निघून गेलेला असतो. कोळसा म्हणजे धूर वजा केलेलं लाकूड. लोहाराच्या भात्याला तेच हवं असतं: भाता थांबला की आच उतरावी, भाता चालला की लोखंड लाल व्हावं. भरिताला नेमकं उलटं हवं असतं.

एका पदार्थापुरतं हे ज्ञान असतं तर त्याला योगायोग म्हणता आलं असतं. पण खानदेशी स्वयंपाकात प्रत्येक कामाचं सरपण वेगळं ठरलेलं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी करतात, तेव्हा पालथ्या खापराचा फुगवटा सगळीकडून सारखा तापावा लागतो. त्यासाठी बारीक फोडलेलं, पुरतं वाळलेलं लाकूड तासन्‌तास सारत राहावं लागतं. एकीने पोळी हातांवर फिरवून मोठी करायची, दुसरीने जाळाला बसायचं, आणि दोघींपैकी अवघड काम कोणाचं हे सांगणं कठीण. बट्ट्या भाजायच्या तर जाळच नको. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर होऊ द्यायचा, ज्वाळा विझल्या की बट्ट्या त्या फुफाट्यात पुरायच्या आणि घाई करायची नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मांस रात्रभर मंद धुरावर ठेवणारे लोक ज्या गोष्टींवर तावातावाने वाद घालतात त्या याच आहेत: आच कशाची, धूर कशाचा, किती ओलं चालेल, कुठून पेटवायचं, हवा कुठून द्यायची. तिथे बहुधा कोळशाकडून आच घेतात आणि हिकरी किंवा ओकच्या तुकड्यांकडून धूर. इथे पऱ्हाटी दोन्ही कामं एकदम करते, फक्त तिला वेळ थोडा मिळतो, म्हणून पेंढ्या सारणाऱ्याचा हात जागा लागतो.

आता इतिहास. 1818 साली इंग्रजांच्या ताब्यात आलेला खानदेश दुष्काळ, स्वाऱ्या आणि लूटमार यांनी ओस पडलेला होता. कसलेल्या जमिनींवर झुडपं माजली होती आणि वाघ गावांच्या शिवेपर्यंत येत होते. अशा मुलखात लाकडाची वाण नसणार. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत चित्र पालटलं. जमीन पुन्हा लागवडीखाली आली. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस तुटला आणि मुंबई इलाख्यात कापसाला न भूतो असा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात शिरली. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि इंजिनांना जळण. 1864 साली वनखातं उभं राहिलं, 1878 च्या वन कायद्याने जंगलं राखीव करायला सुरुवात झाली, आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांना ज्या लाकडावर आपला हक्क वाटत होता ते लाकूड सरकारी झालं. डोंगरातून सपाटीवर येणारी मोळी थांबली नाही, पण ती आणणाऱ्या बाईच्या पाठीशी आता गुन्ह्याची भीती होती. एकोणिसावं शतक सरता सरता तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे झाली आणि दोंडाईचा, नंदुरबारसारख्या बाजारपेठा मुंबई-सुरतेच्या जवळ आल्या. शिवारात कपाशी होती आणि सुगीनंतर शेताच्या बांधावर काड्यांचे ढीग. सरपणाची गरज आणि सरपणाचा नवा साठा एकाच काळात एकमेकांसमोर आले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: खानदेशात कापूस काही इंग्रजांनी आणला नाही. बरोबर आहे. अकबराच्या काळातल्या ऐने-अकबरीत धरणगावच्या वस्त्रांचं नाव येतं. सुरत-बऱ्हाणपूर रस्ता नंदुरबारवरून जात होता आणि सतराव्या शतकात इंग्रजांची वखार धरणगावात होती. तेव्हा पऱ्हाटी चुलीत पूर्वीही जळत असणार. पण माझा मुद्दा पऱ्हाटी कधी आली हा नाही, ती मुख्य सरपण कधी झाली हा आहे. दारापर्यंत रान आलेलं असताना, दोन ज्वाळांत संपणाऱ्या काडीवर घर चालवायचं कारण नाही. ज्वारी-बाजरीच्या मुलखात कपाशी एक पीक म्हणून होती तोवर तिच्या काड्याही तेवढ्याच होत्या. एका गावाने वर्षभराचं जळण म्हणून तिच्यावर विसंबावं, यासाठी कपाशीचं क्षेत्र मोठं आणि रान दूर, अशा दोन्ही गोष्टी लागतात. कागदोपत्री याचा थेट पुरावा मिळणं कठीण आहे, कारण सागाला भाव होता, कापसाला सारा होता, काड्यांना यांपैकी काहीच नव्हतं. म्हणून हा निष्कर्ष आजूबाजूच्या गोष्टींवरून काढलेला आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. तरी तो मला भक्कम वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. मिळालं ते जाळलं, त्यात कसब कसलं? गरिबीला परंपरेचं नाव देऊ नका. या आक्षेपामागचा राग मला रास्त वाटतो, पण त्याचं उत्तर आहे. टाकाऊतून सरपण काढणं ही फक्त गरिबांची गोष्ट नव्हे. 1920 च्या दशकात हेन्री फोर्डने मिशिगनमध्ये मोटारींच्या लाकडी भागांच्या कारखान्यातल्या ढलप्यांपासून कोळशाच्या वड्या पाडून विकल्या. अमेरिकी घरामागच्या शेगडीत आजही जळणाऱ्या त्या वडीचा उगम मोटार कारखान्याचा कचरा हाच आहे. शहाद्याकडच्या साखर कारखान्यांचे बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतात. कोणत्याही काळात बहुतेकांचं इंधन हे दुसऱ्या धंद्याचं उरलेलं असतं. कसब दिसतं ते निवडीत. खानदेशी घरासमोर पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीची लाकडं असं चार-पाच प्रकारचं उरलेलं होतं. भरिताला गोवरी नाही आणि बट्टीला पऱ्हाटी नाही, हे कोणत्याही टंचाईने ठरवलेलं नाही. ते माणसांनी, बहुतांशी बायकांनी, करून पाहून ठरवलं.

तिसरा आक्षेप धुराचा. रोजच्या चुलीच्या धुराने बायकांच्या फुप्फुसांचं आणि डोळ्यांचं किती नुकसान झालं, हे आता कोणी नाकारत नाही. 2016 ची उज्ज्वला योजना त्याच अनुभवातून आली आणि घरात गॅस येणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. मी जतन करा म्हणतो ते कोंडलेल्या स्वयंपाकघरातल्या चुलीला नाही. भरिताचा जाळ उघड्यावरचा, थंडीतल्या चार-दोन मेजवान्यांचा आणि बहुतेक वेळा पुरुषांनीही हात लावलेला असतो. 2016 मध्येच जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट झाली. पण मानांकन वांग्याला आहे. त्या वांग्याला भरीत बनवणाऱ्या जाळाची, काडीच्या जातीची, थर लावण्याच्या रीतीची नोंद तितक्याच काळजीने व्हायला हवी.

ही नोंद आत्ताच व्हायला हवी, कारण काड्याच शिवारातून नाहीशा होत आहेत. यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून तो जमिनीत गाडण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढतो आहे. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जिची सुरुवात 1924 ची, काड्यांपासून फळ्या आणि ब्रिकेट करण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार माजवल्यापासून कृषी खातं सांगतं की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी उपटा, काड्या बांधावर रचून ठेवू नका, कारण अळी त्यांत दडून पुढच्या पेरणीची वाट पाहते. हा सल्ला योग्य आहे आणि तो जुन्या सवयीच्या विरोधात जातो, कारण पूर्वी ढीग पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पडून असे. पण भरिताच्या बाबतीत तो विरोध उरत नाही. दत्तजयंतीच्या आसपास उपटलेली पऱ्हाटी थंडीच्या कोरड्या वाऱ्यात काही आठवड्यांत पेटण्याजोगी होते आणि चांगली वांगी त्याच महिन्यांत येतात. शेकोट्या आणि भरिताच्या पंगती माघ संपेपर्यंत चालल्या, तर ढिगातल्या काड्या अळीसकट जळून जातात आणि जूनमध्ये बांधावर काही उरत नाही.