कॅसिनी मोहीम : प्लुटोनियम आणि लोकसुरक्षेचा वाद

शनीच्या अभ्यासासाठी 15 ऑक्टोबर 1997 रोजी फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथून निघालेल्या कॅसिनी-हायगेन्स यानावर सुमारे 33 किलोग्रॅम प्लुटोनियम होते. त्याआधी एकाही यानाने एवढे प्लुटोनियम अवकाशात नेले नव्हते. प्रक्षेपण फसले, किंवा दोन वर्षांनी पृथ्वीजवळून जाताना यान वातावरणात घुसले, तर या प्लुटोनियमची धूळ माणसांच्या फुप्फुसांत जाईल का, यावरून अमेरिकेत मोठा वाद पेटला. अपघात झाला नाही. 2017 साली शनीच्या वातावरणात विसर्जित होईपर्यंत कॅसिनीने उत्तम काम केले. तरीही अपघाताची शक्यता कोणी मोजायची, आणि ज्यांच्या डोक्यावरून यान जाते त्यांना त्यात काही बोलता येते का, हा वादातला खरा प्रश्न मोहिमेच्या यशाने सुटला नाही.

शनीपाशी पोचणारा सूर्यप्रकाश पृथ्वीच्या तुलनेत एक टक्का एवढाच असतो. म्हणून कॅसिनीवर तीन किरणोत्सारी विद्युत जनित्रे बसवली होती. प्लुटोनियम-238 या समस्थानिकाचे अर्धायुष्य 87.7 वर्षे आहे आणि त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे अर्धा वॅट उष्णता सतत निघत राहते. त्या उष्णतेपासून थर्मोकपलच्या साहाय्याने वीज मिळते. अणुभट्टीसारखी साखळी अभिक्रिया यात नसते. हे प्लुटोनियम अणुबाँबसारखे फुटेल ही त्या काळी अनेकांना वाटलेली भीती निराधार होती. बाँबमध्ये वापरतात ते प्लुटोनियम-239. पण तेवढ्याच वजनाच्या 239 पेक्षा 238 पावणेतीनशे पटींच्या आसपास जास्त किरणोत्सारी असते, ही गोष्ट मोहिमेच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नसत. त्यातून निघणारे आल्फा कण कागदानेही अडतात आणि त्वचेतून आत शिरत नाहीत. धोका श्वासाचा आहे. अतिसूक्ष्म कण फुप्फुसात रुतून बसले, तर तिथल्या पेशींवर वर्षानुवर्षे मारा होत राहतो आणि कर्करोगाची शक्यता वाढते.

हा धोका केवळ कागदावरचा नव्हता. 21 एप्रिल 1964 रोजी अमेरिकी नौदलाचा ट्रान्झिट मालिकेतील एक उपग्रह कक्षेत पोचू शकला नाही आणि हिंदी महासागरावर, मादागास्करच्या उत्तरेला, वातावरणात जळून गेला. त्याच्यावरच्या स्नॅप-9ए जनित्रात सुमारे एक किलोग्रॅम प्लुटोनियम-238 होते. परत येताना इंधन उंचावरच जळून विरून जावे, म्हणजे कोणा एकाच्या वाट्याला फार येणार नाही, अशीच तेव्हाच्या जनित्रांची रचना असे. ठरल्याप्रमाणे ते विरले. नंतर केलेल्या मातीच्या तपासणीत त्याचे अंश जगभर, विशेषतः दक्षिण गोलार्धात आढळले. ज्या देशांच्या मातीत ते पडले, त्यांतल्या बहुतेकांचा या उपग्रहाशी काडीचाही संबंध नव्हता. या प्रकारानंतर अमेरिकेने धोरण उलटे केले आणि इंधन काहीही झाले तरी अखंड खाली यावे असे ठरवले. कॅसिनीतील इंधन म्हणूनच प्लुटोनियम डायऑक्साइडच्या चिनीमातीसारख्या कठीण वड्यांच्या रूपात होते. प्रत्येक वडीला इरिडियम धातूचे कवच आणि बाहेरून ग्रॅफाइटची आवरणे होती. आघात झालाच तर अशा वडीचे शक्यतो मोठे तुकडे व्हावेत, श्वासात जाणारी बारीक पूड होऊ नये, हा हेतू.

नवी रचना दोनदा कसोटीला उतरली. मे 1968 मध्ये निंबस उपग्रहाचे प्रक्षेपण फसले. त्याची जनित्रे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावरून काही महिन्यांनी शाबूत काढण्यात आली आणि त्यांतले इंधन पुढे दुसऱ्या उपग्रहात वापरले गेले. एप्रिल 1970 मध्ये अपोलो-13 चे चांद्रयान पृथ्वीवर परतताना जळाले. त्याच्यासोबतचे 3.8 किलोग्रॅम प्लुटोनियम पॅसिफिकमधील टोंगा गर्तेच्या परिसरात बुडाले. गळती झाल्याचे तपासणीत दिसले नाही. ते आजही तिथेच आहे.

सोव्हिएत संघाच्या टेहळणी उपग्रहांवर मात्र प्रत्यक्ष अणुभट्ट्या असत. अणुभट्टी चालली की तिच्यात विखंडनाने स्ट्राँशियम, सीझियम यांसारखी अतिशय घातक द्रव्ये तयार होतात, म्हणून तिचा धोका जनित्रापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. 24 जानेवारी 1978 रोजी कॉसमॉस-954 कॅनडाच्या वायव्य प्रदेशात कोसळला आणि त्याचे किरणोत्सारी तुकडे बर्फावर शेकडो किलोमीटर विखुरले. कॅनडा आणि अमेरिका यांच्या पथकांनी 1,24,000 चौरस किलोमीटर प्रदेश पिंजून काढला, तरी अणुभट्टीच्या गाभ्याचा अगदी अल्प अंश हाती लागला. कॅनडाने 60 लाख डॉलरहून थोडी जास्त भरपाई मागितली. 1981 मध्ये 30 लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. अवकाशातून पडलेल्या वस्तूंच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणाऱ्या 1972 च्या कराराखाली एवढे मोठे प्रकरण आधी आले नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 1992 मध्ये अवकाशातील अणुऊर्जेविषयी जी तत्त्वे मान्य केली, त्यांच्या मुळाशी हीच घटना आहे. प्रक्षेपणाआधी सुरक्षिततेचे सखोल मूल्यमापन करून ते जाहीर करावे, असे ती तत्त्वे सांगतात. मात्र ती बंधनकारक नाहीत, ही त्यांची मोठी उणीव.

अमेरिकेत लोकांचा विश्वास डळमळला तो चॅलेंजरमुळे. 28 जानेवारी 1986 रोजी हे स्पेस शटल उड्डाणानंतर 73 सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पुढच्याच मे महिन्यात प्लुटोनियम असलेली गॅलिलिओ आणि युलिसिस ही याने शटलमधूनच जायची होती. शटलला जीवघेणा अपघात होण्याची शक्यता अमेरिकेची अवकाशसंस्था नासाचे व्यवस्थापक लाखात एक सांगत होते आणि प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एक, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत उघड केले. एकाच संस्थेतल्या दोन आकड्यांत हजारपटींचा फरक निघाल्यावर तिच्या पुढच्या आकड्यांवर लोकांनी डोळे झाकून का विश्वास ठेवावा? 1989 मध्ये गॅलिलिओ थांबवण्यासाठी आंदोलक न्यायालयात गेले. न्यायालयाने स्थगिती दिली नाही आणि यान गेले. पण कॅसिनीच्या वेळी जे घडले त्याची पायाभरणी इथे झाली होती.

कॅसिनीच्या विरोधात फ्लोरिडातील शांततावादी कार्यकर्ते ब्रूस गॅगनन, पत्रकारितेचे प्राध्यापक कार्ल ग्रॉसमन आणि भौतिकशास्त्रज्ञ मिचिओ काकू हे आघाडीवर होते. त्यांचा रोख दोन प्रसंगांवर होता. पहिला प्रक्षेपणाचा. कॅसिनी ज्या टायटन-4 जातीच्या रॉकेटवरून जाणार होते, तसले एक रॉकेट ऑगस्ट 1993 मध्ये कॅलिफोर्नियातून उडताना फुटले होते. दुसरा प्रसंग पृथ्वीजवळून जाण्याचा. शनीपर्यंत थेट ढकलण्याइतके बळ प्रक्षेपकात नसल्याने यानाने शुक्राला दोनदा वळसा घालून 18 ऑगस्ट 1999 रोजी पृथ्वीपासून अवघ्या 1,171 किलोमीटर अंतरावरून, तिच्या गुरुत्वाकर्षणाने वेग घेत पुढे जायचे होते. तेव्हा वातावरणात घुसण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी आहे, असे नासाचे म्हणणे होते. पण नासाच्याच 1995 च्या पर्यावरणीय परिणाम अहवालात, असे झालेच तर जगातील सुमारे पाच अब्ज लोकांना थोडाफार किरणोत्सर्ग पोचेल आणि पन्नास वर्षांत कर्करोगाने सुमारे 2,300 जास्तीचे मृत्यू होतील, असा अंदाज होता. पुढे नव्या गणितानंतर तो 120 च्या आसपास आणला गेला. टीकाकारांचे आकडे लाखांत, काहींचे त्याहून कितीतरी पुढे जात होते. त्यांतले बरेचसे टिकण्यासारखे नव्हते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. पण अपघात तोच असताना अधिकृत अंदाजच दोन वर्षांत जवळपास वीसपट घसरतो, तेव्हा त्या गणिताविषयी शंका घेणाऱ्याला अडाणी म्हणता येत नाही.

प्रक्षेपणाला स्थगिती मिळवण्याचा प्रयत्न न्यायालयात फेटाळला गेला. अशा यानाला तेव्हा अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयाची मंजुरी लागत असे. ती मिळाली आणि यान सुखरूप गेले. पृथ्वीला बगल देण्याचा टप्पाही अचूक पार पडला. यानाचा मार्ग बराच काळ मुद्दाम पृथ्वीपासून दूर रोखलेला ठेवून शेवटच्या टप्प्यात जवळ आणला होता, म्हणजे मध्येच यान निकामी झाले असते तरी ते आदळले नसते. ही काळजी खरी होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण त्याच काळातल्या आणखी दोन घटना नोंदवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. कॅसिनी गेल्यावर दहा महिन्यांनी, ऑगस्ट 1998 मध्ये, शेजारच्याच प्रक्षेपणतळावरून सुटलेले टायटन-4 रॉकेट चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. त्याची आवृत्ती कॅसिनीच्या रॉकेटहून जुनी होती आणि त्यावर प्लुटोनियम नव्हते. आणि पृथ्वीजवळचा टप्पा पार पडून महिना झाला असेल-नसेल, तोच 23 सप्टेंबर 1999 रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावले गेले. मार्गाच्या गणितात एका चमूने ब्रिटिश एकके वापरली होती आणि दुसऱ्याने मेट्रिक. यानाचा मार्ग सांभाळणारी प्रयोगशाळा तीच होती, जिने कॅसिनीचा मार्ग सांभाळला. असली मानवी चूक दहा लाखांत एक या हिशोबात कशी धरायची, याचे उत्तर सोपे नाही.

सौर ऊर्जा वापरा, ही आंदोलकांची मागणी तेव्हा अव्यवहार्य ठरवली गेली. 2011 मध्ये निघालेले जूनो यान मोठ्या सौर पंखांवर गुरूपर्यंत जाऊन काम करू लागले, म्हणजे गुरूपुरती ती मागणी अवास्तव नव्हती. शनीपाशी मात्र सौर ऊर्जेवर आजवर कोणतेही यान चाललेले नाही.

भारतात हा विषय आला तो चांद्रयान-3 मुळे. त्याच्या प्रणोदन खंडावर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले प्रत्येकी एक वॅटचे दोन किरणोत्सारी उष्णक होते. 2023 मध्ये यानाचे अवतरण पार पडल्यावर ही माहिती लोकांसमोर आली. एवढ्या लहान उष्णकांचा धोका नगण्यच, पण मोठी जनित्रे श्रीहरिकोटाहून उडायची वेळ येईल तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांना हे आधी कळायला हवे.

वादाचा सगळा झोत रॉकेटवर राहिल्याने एक बाजू मात्र अंधारात राहिली. प्लुटोनियमच्या वड्या कोणाच्या तरी हातांनी घडतात. मार्च 2000 मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत, जिथे या कामासाठीचे इंधन हाताळले जाते, गळती होऊन काही कामगारांच्या शरीरात प्लुटोनियम-238 गेले. त्यांच्यासाठी केप कॅनाव्हरलच्या फाटकासमोर कोणी मोर्चा काढला नव्हता, आणि प्रक्षेपणाच्या संभाव्यतांमध्ये त्यांची गणना होत नाही.