तारणारा एकच, चाल मात्र ओळखीची

नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणं मांडलं आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. पण छापलेलं वाचणारे होते किती? बाजारात उभं राहून ‘ख्रिस्ताशिवाय तारण नाही’ असं सांगितलं की वाद घालणारे पुढे यायचे, ऐकणारे पांगायचे. १८६०च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली, ती याच नगरात. कीर्तनात कुणी बुवांना मध्येच अडवत नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त. ती सुवार्तेच्या कामी आली.

माझे मामा याच परंपरेतले कीर्तनकार. मी त्यांच्यामागे पेटी धरायचो. नमन त्रैक्य देवाला. पूर्वरंगात एकच विषय: माणूस स्वतःच्या पुण्याईवर तरत नाही. उत्तररंगाला बहुतेक वेळा बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट. डुकरं राखणारा तो पोरगा त्यांच्या शेंगांवर पोट भरायला बघतो, इथपर्यंत मामा आले की दुष्काळात दुसऱ्याच्या वाड्यावर राबलेली माणसं माना हलवायची. मग मामा हात वर करायचे. पेटी, झांज, ढोलकी सगळं थांबायचं. तारणारा एकच, हे ते साध्या बोलीत सांगायचे, गाऊन नाही.

कीर्तन उठल्यावर एक माळकरी आजोबा म्हणायचे, “बुवा, एवढं सोडून बाकी सगळं पटलं.”

मामा हसायचे. “आजोबा, तेवढ्यासाठीच तर बाकीचं.”

चाल, ताल, साकी, दिंडी सगळं इथलं घेतलं, पण मूळ दावा कुणी सौम्य केला नाही. ना. वा. टिळकांचंही तेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताची भक्ती अभंगात गायिली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. दार रुंद केलं, पण गादीवर ख्रिस्तच.

टिळकांचं ते धाडस मला माळकरी आजोबांमुळे कळलं. मंडळीच्या वहीत त्यांचं नाव कधी चढलं नाही. आमच्या कीर्तनाला मात्र पहिल्या रांगेतली जागा त्यांचीच असायची, आणि ती राखायला मामा मलाच आधी धाडायचे.